पडद्याआडून दिलेलं वाक्य

दतिया गेटच्या बाजारात, भुरभुर पावसात, एका खोट्या मिशीवर आम्हा दोघांचे हात एकदमच पडले.

"भैया, ये मेरी है," मी बजावलं.

माझ्या काखेतली नाटकाची वही पाहून तो हसला. "घ्या की... पण लावायची मलाच आहे."

तो विद्याधर. झाशीतल्या आम्हा मूठभर मराठी घरांच्या गणेशोत्सवाचं नाटक त्यानंच लिहिलेलं. त्यात तो राजाचा भाट आणि मी विंगेतली प्रॉम्प्टर. तालमीत म्हणायचा, "जरा मोठ्यानं सांगा हं, वसुंधराजी. तुमच्याकडे बघितलं की मी विसरतो."

साल पंचाहत्तर. आणीबाणी. नाटकालाही परवानगी हवी, आणि कचेरीत मराठी वाचणारे एकटे माझे बाबा. त्यांनी एका वाक्यावर काट मारली. विद्याधर घरी येऊन भांडला. बाबा म्हणाले, घर सावरायचं तर पोरांना गप्प करावं लागतं. तो म्हणाला, देश म्हणजे तुमची पोरं नव्हेत. शेवटी बाबांनी सांगून टाकलं, वाक्य गाळलंस तरच तुमच्या दोघांच्या लग्नाचं बोलू. त्यानं माझ्याकडे पाहिलं... आणि मान खाली घातली.

प्रयोगाला बाबा पहिल्या रांगेत, शेजारी ठाण्याचा दारोगा. ती जागा आली आणि भाट थांबला. पुढचं सगळं त्याला पाठ होतं. तरी विंगेकडे बघत राहिला — मला विचारत होता. असा मान खाली घातलेला माणूस मला जन्मभर नको होता. मी हळूच ते गाळलेलं वाक्य दिलं, आणि भाट खणखणीत म्हणाला,

"महाराज, तुमची स्तुती करायची तरी तोंड उघडावंच लागतं."

टाळ्या थांबल्यावर दारोगानं बाबांना विचारलं, "क्या कहा इसने?"

त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. बाबा काहीही सांगू शकले असते. त्यांनी शब्दन्‌शब्द खरा सांगितला.

विद्याधरला मिशीसकट नेलं. विंगेपाशी तो क्षणभर थबकला. "आज आवाज नीट ऐकू आला," म्हणाला.

सत्त्याहत्तरला सुटला तो खोकला घेऊन, आणि बोलणं आतच ठेवून. आमच्या लग्नाला बाबा आले नाहीत. मी खोटं बोललो नाही, एवढंच ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

आजही चारचौघांत बोलता बोलता विद्याधर अडतो... माझ्याकडे बघतो. मी हळूच शब्द देते.

बहुतेक वेळा तो ते म्हणत नाही.