पुढच्या चाकांवरचं वजन

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण माझ्या मावसबहिणीच्या उजव्या हाताचा अंगठा आजही वाकडा आहे. तिच्यासमोर बसून "अगं, भास झाला असेल" असं म्हणून दाखवा.

मी एकदा म्हणालो होतो. पुन्हा म्हणणार नाही.

रविवार होता. अमावस्या नाही, मध्यरात्र नाही... टळटळीत दुपार होती. जागा म्हणजे शहराबाहेरची एक जुनी धावपट्टी. विमानं उतरायची बंद झाली, म्हणून तिथे रीतसर परवानगी काढून गाड्यांच्या शर्यती होतात. दोन्ही बाजूंना नुसतं गुडघ्याएवढं गवत. झाड नाही, झुडूप नाही. लपायला जागाच नाही.

हे लक्षात ठेवा. लपायला जागा नव्हती.

ताईचं, म्हणजे या मावसबहिणीचं, चाकांच्या अलाइनमेंटचं छोटं गॅरेज आहे. आणि वेड आहे ते ड्रॅग रेसचं. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, सरळ रस्त्यावर जी आधी पोचेल ती जिंकली. संपलं. तिची गाडी म्हणजे एकेकाळी कुणीतरी मुलांना शाळेत सोडायला वापरलेली छोटी घरगुती गाडी. ताईने तिला टर्बो बसवला, ड्रायव्हरची सोडून बाकी सगळ्या सीटा उपटून फेकल्या आणि आत लोखंडी पिंजरा घातला.

अडचण एकच. या गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. गाडी जोरात सुटली की तिचं नाक वर उचलतं, वजन मागे जातं आणि पुढची चाकं जागच्या जागी घसरतात. नुसता धूर. मागच्या चाकांवर पळणाऱ्या मोठ्या गाड्यांवाले म्हणूनच हसायचे. "ताई, उलटी लावा गाडी, पटकन पोचाल!"

पण या पुढच्या चाकांवाल्यांची आपसात जी माया आहे, ती मी सख्ख्या भावांत पाहिलेली नाही. शर्यतीत एकमेकांचे वैरी, आणि गाडी बिघडली की सगळे एकाच गाडीखाली.

त्यातला पैलवान गिअरबॉक्सचा मेकॅनिक. अंगाने काडी, म्हणून पैलवान. दुसरी सिस्टर. ती खरोखरच नर्स आहे, अपघात विभागात. तिची लाल गाडी ताईच्या गाडीची जुळी बहीणच. आणि तिसरे आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान. शाळेत भूगोल शिकवतात. गाडीतलं त्यांना पेट्रोलचं झाकण तेवढं कळतं, पण एकही शर्यत चुकवत नाहीत.

त्या दिवशी सकाळच्या सरावातच घात झाला. ताईची गाडी भर वेगात असताना बॉनेटची कडी तुटली. बॉनेट उघडून काचेवर आदळलं, काच तडकली आणि बॉनेटचं पार चिपाड झालं.

"झालं. आवरा सामान," ताई म्हणाली.

"आवरा काय आवरा?" पैलवान ओरडला. "आम्ही काय मेलो का?"

मग जो तो धावला. कुणी काचेच्या तड्यावर टेप लावली. कुणी रेडिएटरचा पाइप दिला. सिस्टरने स्वतःच्या गाडीचा जादा पट्टा काढून दिला. ताई गाडीखालून बाहेर आली, तेव्हा तंबूच्या खांबाला एक बॉनेट टेकवून ठेवलेलं होतं.

राखाडी. रंग न दिलेलं. आणि तिच्याच गाडीचं, अगदी बरोबर मापाचं.

"कुणी आणलं रे?"

"बसवा आधी, चौकशा नंतर," पैलवान म्हणाला.

बसवलं. एका झटक्यात बसलं. जसं काही तिथलंच होतं.

दुपारची पहिली फेरी. ताई स्टार्ट लाइनवर उभी राहिली. क्लच दाबला, इंजिन तापवलं. आणि...

थप्.

गाडीचं नाक खाली बसलं.

कुणीतरी पुढे येऊन दोन्ही तळहात बॉनेटवर टेकवावेत आणि सगळा भार टाकावा, तसं. ताईने समोर पाहिलं.

कुणी नव्हतं.

हिरवा दिवा लागला. तिने क्लच सोडला. चाकं घसरलीच नाहीत. ना धूर, ना किंचाळी. गाडी गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी निघाली. शेजारची मोठी गाडी कुठल्या कुठे मागे राहिली.

सगळ्यांनी नुसता गोंधळ घातला. पैलवानाने भाऊजींना उचलायचा प्रयत्न केला आणि दोघेही आडवे झाले.

"काय केलंस तू?" सिस्टरने ताईला मिठी मारली. "नाक वर उचललंच नाही!"

"माहीत नाही गं. पुढे कुणीतरी बसल्यासारखं वाटलं."

दोघी हसल्या.

दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. थप्... आणि नाक खाली. पण या वेळी काचेवर बाहेरच्या बाजूने वाफेचा एक ठिपका उमटला. वाटीएवढा. विरला. पुन्हा उमटला.

बाहेर अंग भाजत होतं. अशा उन्हात काचेवर वाफ धरत नाही.

ताई ती फेरीही जिंकली. या वेळी मात्र तिला हसू आलं नाही. तिने बॉनेट उघडून आतून-बाहेरून पाहिलं. खाली काही नव्हतं. पत्रा उन्हात तापून लाल व्हायला हवा होता. तिने हात लावला... आणि चटकन मागे घेतला.

बर्फासारखा गार.

"हे बॉनेट काढूया," ती भाऊजींना म्हणाली.

"आता? पुढची फेरी शेवटची. सिस्टरशी आहे. बॉनेटशिवाय सोडतील का तुला?"

नाहीच सोडणार. नियम होता. आणि बारा वर्षांच्या धडपडीत ताई पहिल्यांदा शेवटच्या फेरीत पोचली होती. दोन्ही गाड्या पुढच्या चाकांवाल्या! मोठ्या गाड्यांवालेही कडेला येऊन टाळ्या वाजवत होते. आता माघार घ्यायची, ती एका गार पत्र्यासाठी?

ती गाडीत बसली.

डावीकडे सिस्टरची लाल गाडी. सिस्टरने हेल्मेटमधूनच अंगठा दाखवला. ताईनेही दाखवला.

थप्.

नाक बसलं. दिवा लागला. दोन्ही गाड्या सुटल्या.

पहिला गिअर. दुसरा. दोघी बरोबरीने. तिसरा टाकला आणि ताईला बॉनेटच्या मागच्या कडेवर काहीतरी दिसलं. वायपरच्या जवळ...

बोटं होती.

चार या बाजूला. चार त्या बाजूला. पत्र्याची कड घट्ट धरलेली. नखं उलटी झालेली.

ताईने पाय उचलला. अॅक्सिलरेटर वर आलाच नाही. तिने ब्रेकवर उभं राहावं तसा जोर लावला. पेडल दगडासारखं घट्ट. गाडी वेग घेतच होती.

मग बोटांमागून डोकं वर आलं.

चेहऱ्याबद्दल ताई आजही बोलत नाही. एवढंच म्हणते की, तो चेहरा रस्त्यावर घासला गेलेला होता. बराच वेळ.

त्याने काचेवर मूठ मारली. तडा पसरला. दुसरी मूठ. टेप फाटली. तिसऱ्या मुठीला काच आत आली आणि तिच्या मांडीवर तुकड्यांचा सडा पडला. कोपरापर्यंत हात आत घुसला. काचेने कातडी सोलली गेली, मांस उघडं पडलं... पण रक्ताचा थेंब नाही.

त्या हाताने स्टिअरिंग धरलं.

आणि डावीकडे ओढलं.

डावीकडे सिस्टर होती.

ताई आयुष्यभर स्टिअरिंगच धरत आली आहे. गाडी कुठे ओढते, किती ओढते, हे तिला डोळे मिटून कळतं. ती सांगते, असा जोर तिने जन्मात पाहिला नव्हता. ती उजवीकडे खेचत होती, तो डावीकडे. त्याची बोटं तिच्या अंगठ्यावर आली आणि आवळली. अंगठ्याचं हाड मोडल्याचा आवाज तिला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला.

लाल गाडीचं दार हातभर अंतरावर आलं. सिस्टर सरळ समोर बघत होती. तिला काही कळलेलं नव्हतं.

ताईने हेल्मेट वर ढकललं, मान वाकवली आणि त्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

हाडापर्यंत दात गेले. तोंडात चव आली ती डांबराची. जळक्या रबराची आणि डांबराची.

पकड क्षणभर सैल झाली. तेवढं पुरे होतं. तिने डाव्या हाताने स्टिअरिंग उजवीकडे भिरकावलं. गाडी गवतात शिरली. पुढे मातीचा बांध होता. गाडी त्यावर चढली, हवेत गेली, नाकावर आपटली आणि कोलांट्या खात उलटी पडली.

खांद्याचं हाड तुटलं. दोन बरगड्या मोडल्या. तोंडात आता रक्त, तिचं स्वतःचं. पट्ट्यांना उलटी लटकत असताना तिने चाचपडत मुख्य बटण बंद केलं.

इंजिन थांबलं. पण डोक्यावर घरघर चालूच होती.

पुढची चाकं. आभाळाकडे वर झालेली, आणि भर वेगात फिरणारी.

सिस्टरने गाडी थांबवली, उडी मारली आणि पळत आली. ताईला उलट्या खिडकीतून तिचे बूट दिसले. "सिस्टर..." ताईने हाक मारली.

बूट थांबले नाहीत. ते तिच्या बाजूने पुढे निघून गेले. गवतात.

ताई म्हणते, हाडं मोडल्याचं दुःख नंतर झालं. तिची जिवाभावाची मैत्रीण तिला लटकती सोडून निघून गेली, ते आधी लागलं.

पैलवान आणि भाऊजींनी ताईला बाहेर ओढलं. भाऊजी रडत होते. पैलवान बटण चाचपत होता. "बंद आहे... बंदच आहे हे... मग चाकं का फिरतायत?"

आणि अचानक चाकं थांबली. हळूहळू नाही. कुणीतरी मूठ आवळावी तशी. खट्.

मग सिस्टर परत आली. पांढरीफटक.

"तो कुठे गेला?" तिने विचारलं.

"कोण तो?"

"गाडी आपटली तेव्हा पुढे फेकला गेला तो माणूस! आधी त्याच्याकडे जायला हवं होतं, म्हणून गेले मी. तुझ्याबरोबर कोण होतं?"

गाडीत दुसरी सीटच नव्हती.

पण तो माणूस फक्त सिस्टरने पाहिला नव्हता. कडेला उभ्या असलेल्या निम्म्या लोकांनी पाहिला होता. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनेही. अंधार पडेपर्यंत सगळ्यांनी ओळीने उभं राहून ते गवत पिंजून काढलं. अंग घासत गेल्यासारखा एक लांब पट्टा सापडला. गवत झोपलेलं, माती खरवडलेली.

पट्टा मध्येच संपत होता.

माणूस नाही. बूट नाही. कपड्याची चिंधी नाही.

ताई दवाखान्यात असताना सगळी मंडळी पाळीपाळीने तिच्या उशाशी बसायची. एकदा तिने विचारलं, "ते बॉनेट कुणाचं होतं?"

पैलवान म्हणाला, "सिस्टरचं ना?"

सिस्टर म्हणाली, "मला वाटलं पैलवानाने आणलं."

एकेकाला विचारलं. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याने दिलं. सगळे इतके मदतीला धावणारे... कुणाला शंकाच आली नाही. आणि चुरडलेली गाडी गॅरेजवर आणली, तेव्हा तिच्यावर बॉनेट नव्हतं. त्या मैदानात कुणी ते उचललं असेल, तर आपल्यातल्याच कुणीतरी, पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून.

सिस्टर पुन्हा शर्यतीत उतरली नाही. का, ते तिने कितीतरी महिने सांगितलं नाही. ताईच्या हाताचं प्लास्टर निघालं, ताई पुन्हा कामाला लागली, तरी नाही. मग एका संध्याकाळी गॅरेजच्या पायरीवर बसून ती बोलली. मी तिथेच होतो.

"मला तो सापडला होता," ती म्हणाली.

ताईच्या हातातला पाना खाली पडला.

"गवतात पालथा पडला होता. मी मनगट धरलं. ठोके नव्हते गं. एकही नाही. मनगटावर दातांच्या खुणा होत्या. अंग असं गार... किती दिवसांचं असावं, मला कळतं ना ते. रोज बघते मी. मी स्ट्रेचर मागवायला मान वळवणार, एवढ्यात तो बोलला."

"काय बोलला?"

सिस्टरने स्वतःचं मनगट धरलं.

"म्हणाला... 'थांबली का गाडी?'"

"मग?"

"मी काय म्हणणार? अपघातातल्या माणसाला धीर देतात तसं म्हणाले, 'हो दादा, थांबली.' त्याच क्षणी मागे तुझी चाकं थांबली. खट्कन. तो आवाज ऐकून मी वळून पाहिलं, आणि पुन्हा पाहते तर माझ्या हातात नुसतं गवत."

मीच म्हणालो, "म्हणजे सुटला बिचारा. संपलं ते."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "त्याने माझं ऐकलं, पण त्याला पटलं नाही. मी चाकांकडे वळले ना, तेवढ्यात माझा हात घट्ट धरून तो म्हणाला, 'खोटं बोलू नका, सिस्टर. रस्ता अजून अंगाखालून जातोय.'"