थोडा वेळ माझ्या जागी

मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि घरी आली की बाबांशी एकाच गाण्यावरून भांडायची. गाणं साठच्या दशकातलं, रॉक, कुणाच्या लक्षातही नसलेल्या एका बँडचं. मध्येच गिटार थांबते आणि गायक म्हणतो, थोडा वेळ तू माझ्या जागी बस, मी तुझ्या घरी जाऊन येतो.

"पहाऱ्यावरचे दोन सैनिक," लिफ्टदुरुस्तीत उभा जन्म काढलेले बाबा म्हणायचे. "मित्राच्या घरची खुशाली आणायला निघालाय बिचारा."

"लबाड आहे तो. याला बसवून स्वतः पळतोय."

"वकीलबाई, तुम्हाला जिकडेतिकडे चोरच दिसतात."

बोलण्याआधी ते दोनदा घसा खाकरत. ते ऐकलं की आई म्हणे, कोर्ट भरलं.

मग अर्धांगाचा झटका आला आणि बाबांची वाचा गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळखीचं काहीतरी ऐकवत राहा. मुलगी रोज जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन त्यांच्या खाटेशेजारी त्या गाण्याची रेकॉर्ड लावू लागली. एकदा फक्त 'वकीलबाई' म्हणा, एवढंच तिचं मागणं होतं.

एका दुपारी त्या ओळीला बाबांचे ओठ हलले. ती आनंदाने रडली. काही दिवसांनी ओठ गायकाच्या आधी हलू लागले. गायकाचा आवाज मात्र बारीक होत चालला होता. तिने रेकॉर्डप्लेअरची सुई पुसली, मग बदलली. रेकॉर्ड जुनी, झिजणारच, असं तिने स्वतःला समजावलं.

मग एकदा त्या ओळीला गायक गप्पच राहिला.

"पाणी देता का?" खाटेवरून स्पष्ट शब्द आले. "आभारी आहे."

घराचं दिवाळं निघायच्या बेतात असताना कुणीतरी सगळं कर्ज फेडून टाकावं, तसं झालं. मुलगी डॉक्टरीणबाईंच्या अक्षरशः पाया पडली. बाबा हिंडूफिरू लागले. चहा दिला की आभार, उशी दिली की आभार.

"इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकतेय," आई हसत म्हणाली. "त्या झटक्याचेच उपकार."

बाबा खोल्याखोल्यांतून फिरत, भिंतींना हात लावत. "घर छान आहे हो तुमचं," ते म्हणाले. बोलण्याआधी आता ते घसा खाकरत नसत. तिला ते 'मुली' म्हणत. बोलतात हेच पुष्कळ, असं तिने मनाला बजावलं, आणि ते खरंच पुष्कळ होतं.

सुट्टीच्या दिवशी तिला वाटलं, ज्या गाण्याने बाबा परत दिले त्याचेही आभार मानावेत. तिने रेकॉर्ड लावली.

"आता ते कशाला?" स्वयंपाकघरातून बाबांनी नम्रपणे विचारलं.

गिटार थांबली.

रेकॉर्डमध्ये कुणीतरी दोनदा घसा खाकरला.

"वकीलबाई," तो दमलेला आवाज म्हणाला, "केस तुम्ही जिंकलात."