बाल्तासारकाकांची बैठक

पासो देल साउसे गावच्या कलामंडळाचं वार्षिक प्रदर्शन आलं की पहिलं भांडण खिळ्यांवरून व्हायचं. मंडळात पगारी माणूस एकही नव्हता. ज्याला हातोडी धरता येई तो खिळे मारी, ज्याला बोलता येई तो पाहुण्यांना हिंडवून दाखवी, आणि ज्याला दोन्ही जमत नसे तो सगळ्यांच्या चुका काढी. अध्यक्ष ओलिंदाबाई बेन्तांकुर तिन्ही कामं करत. त्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. दुसऱ्याच्या कागदावर रेघ ओढल्याशिवाय त्यांच्या बोटांना चैन पडत नसे.

मंडळाची जागा म्हणजे नदीकाठच्या बंद पडलेल्या स्टेशनातली मालधक्क्याची शेड. उन्हाळ्यात पत्रा तापे. हिवाळ्यात नदीवरचं धुकं फटींतून आत येई आणि कागद सर्द होत. लोकरीच्या गठ्ठ्यांचा जुना वास लाकडात मुरून बसला होता. पण पश्चिमेचा मोठा दरवाजा सरकवला की दुपार कलताना जो उजेड आत येई, त्याच्यासाठी बाकी सगळं माफ होतं.

दर शनिवारी तिथे बैठक भरे. गावातलं कुणीतरी मधोमध खुर्चीवर बसे आणि मंडळी त्याच्याभोवती गोल करून त्याला कोळशानं काढत. बसणाऱ्याला पैसे मिळत नसत. रीत अशी होती, की प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी त्यानं आपलं कुठलंही एक चित्र निवडायचं आणि काढणाऱ्यानं तोंड वाकडं न करता ते द्यायचं. दुसरी रीत घंटेची. स्टेशनची पितळी घंटा बाईंच्या उजव्या हाताशी टांगलेली असे. ती वाजेपर्यंत बसणाऱ्यानं हलायचं नाही आणि बोलायचं नाही. बाकीचे लोक ही रीत अर्धीमुर्धीच पाळत. कुणी नाक खाजवी, कुणी मध्येच माते नावाच्या कडू चहाचा घोट मागे.

बाल्तासारकाका मात्र ती पुरती पाळत. ते याच स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते. त्यांचा सगळा जन्म त्याच घंटेवर गेला होता. घंटा झाल्याशिवाय जागचं हलणं त्यांच्या हाडातच नव्हतं.

त्या शनिवारी ते निळं जाकीट घालून आले होते. हिवाळा तोंडावर आलेला. बाईंची जागा नेमकी त्यांच्या समोर होती, त्यामुळे सबंध चेहरा फक्त बाईंनाच दिसत होता. बाकीच्यांपैकी कुणाला गाल दिसत होता, कुणाला कान. एबेर न्हाव्याच्या वाट्याला तर पाठच आली होती.

दरवाजातून उजेड आला आणि काकांच्या गालावर टेकला. कितीतरी शनिवार बाई या उजेडाची वाट बघत होत्या. त्यांनी कोळशाचा नवा तुकडा घेतला. तेवढ्यात काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते बसल्यापासून पाहतच होते, पण आता वेगळं पाहिलं. ओठांभोवती पांढरी कड उमटली. ओठ हलले. आवाज आला नाही.

घंटा हाताशी होती. बाईंनी ती पांढरी कड पाहिली आणि त्यांच्या मनात आलं, की हा रंग परत मिळायचा नाही. ओठ पुन्हा हलले. बाईंनी मान खाली घालून गाल पुरा केला. मग जबडा. मग कागदावर ओठ काढले, मिटलेले, दोन रेघांत. उजेड भिंतीवर चढून गेला, तेव्हा त्यांनी घंटा वाजवली.

काका उठले नाहीत. सगळे हसले. एबेर म्हणाला, "काका, गाडी सुटली तुमची." मग शिंपीकाम करणारी माबेल त्यांच्या खांद्याला हात लावायला पुढे झाली.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय एकाएकी थांबलं, कुणाच्या हातात काही नव्हतं. गावानं ते मान्य केलं. बाईंनीही मान हलवली.

त्या वर्षीचं प्रदर्शन काकांच्या नावानं करायचं ठरलं. कल्पना एबेरची. त्या बैठकीतली सगळी चित्रं, जो जिथे बसला होता त्याच क्रमानं, भिंतींवर गोलात लावायची, मध्ये खुर्ची. माणूस मध्ये उभा राहिला की त्याला चहूबाजूंनी काका दिसतील. बाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले. मध्ये खुर्ची ठेवली तर वाट अडेल म्हणाल्या, मृत माणसाचा तमाशा होईल म्हणाल्या. मतं घेतली तेव्हा त्या एकट्या पडल्या.

शेवटच्या दिवशी काकांच्या ऐवजी त्यांची बहीण लेओनोर येऊन चित्र निवडणार होती. तसा निरोप आला होता. त्या निरोपानंतर बाईंना घास गोड लागेना. बहिणीला खरं सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो रोज सकाळी त्यांच्या आधी उठून बसलेला असे. सांगितलं तर मंडळ हातचं जाईल. गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि न सांगावं, तर ती आपल्या भावाचं चित्र बाईंच्याच हातून घेणार, वर आभार मानणार.

प्रदर्शन उघडलं. दाराजवळच्या टेबलाशी बाई बसल्या, येणाऱ्यांना बसल्याजागी "या, या" म्हणू लागल्या.

पहिली कुरकुर माबेलनं केली. तिनं काकांना अगदी बाजूनं काढलं होतं. एक डोळा, एक भुवई. आता नाकाच्या कडेला दुसरी पापणी डोकावत होती.

"बाई, माझ्या चित्राला हात लावायचा होता तर विचारून तरी लावायचा," ती म्हणाली. "शाळा सुटून जमाना झाला आमची."

बाईंनी हात लावलेला नव्हता. पण त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे त्यांच्या शपथेवर कुणाचा विश्वास बसला नाही. त्या उठून चित्राजवळ गेल्या. कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मंडळींच्या चित्रांवर लाखेचा फवारा मारलेला होता. त्याच्यावर नवी रेघ ओढली तर चमक मोडते, ते लपत नाही. बाईंनी कागद तिरका धरून पाहिला. चमक एकसारखी होती. पापणी पहिल्यापासून असावी तशी आतून आली होती.

त्यांनी स्वतःची समजूत घातली. माबेलनंच काढली असेल आणि विसरली असेल. हौशी माणूस काय काढतो, ते त्याचं त्याला कुठे आठवतं?

दुसऱ्या दिवशी एबेर आला तो थेट बाईंच्या टेबलापुढे उभा राहिला.

"मी मान काढली होती," तो म्हणाला. "काकांची मान. दर महिन्याला माझ्या वस्तऱ्याखालून जायची ती. गाल तुम्ही कुठून आणलात?"

बाई म्हणाल्या, "मी नाही आणला."

"मग काय काकांनी वळून बघितलं?" एबेर हसला. मग त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं, कारण बाई हसल्या नव्हत्या.

दोघांनी मिळून सगळा गोल पाहिला. चित्रं वाईट नव्हती झाली, उलट बरी झाली होती. पण डावीकडची सगळी डोकी थोडी उजवीकडे वळली होती आणि उजवीकडची डावीकडे. थोडीच. दाराच्या बाजूला. एबेर म्हणाला, सर्दीनं कागद फुगले असतील. बाई म्हणाल्या, हो, तसंच असेल.

संध्याकाळी शेड बंद करण्याआधी बाईंनी आपलं टेबल दाराजवळून हलवलं आणि आतल्या कोपऱ्यात, वजनकाट्याच्या शेजारी नेऊन ठेवलं. कुणी विचारलं तर दाराशी वारा लागतो, असं सांगायचं ठरवलं.

सकाळी कुलूप काढून त्या आत गेल्या. थोडा वेळ दाराशीच उभ्या राहिल्या. मग कोपऱ्यात जाऊन टेबलाशी बसल्या आणि मान वर केली.

काका वजनकाट्याकडे पाहत होते. सगळ्या भिंतींवरून.

त्या दिवशी गावातली एक म्हातारी नातवंडांना घेऊन आली होती. तिनं बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, किती छान मांडलंय हो तुम्ही, कुठूनही बघा, बाल्तासार तुमच्याकडेच बघतोय, ओळख ठेवून होता बिचारा. बाई तिला धन्यवाद म्हणाल्या. त्यांचा हात ओला झाला होता, म्हणून त्यांनी तो सोडवून घेतला.

एकच चित्र वळलं नव्हतं, बाईंचं स्वतःचं. त्याला वळायची गरजच नव्हती, ते पहिल्यापासून समोर पाहत होतं. त्याच्यावर लाखही मारलेली नव्हती. त्या शनिवारनंतर बाईंना त्याला पुन्हा हात लावणं जमलं नव्हतं. गोलातून जाताना त्या त्याच्यासमोरून नेहमी भराभर पुढे जात. आज थांबल्या.

मिटलेल्या दोन रेघांच्या मध्ये काळोखाची बारीक फट पडली होती.

पावाचा मऊ गर चिमटीत मळला की कोळसा अलगद उचलला जातो. बाईंनी घरून आणलेल्या डब्यातला पाव काढला, फट उचलली, कागद पांढरा केला आणि दोन रेघा नव्यानं ओढल्या. दुपारपर्यंत त्या तिकडे फिरकल्या नाहीत. दुपारी पाहिलं तर ओठ पुन्हा सुटले होते, आणि सकाळपेक्षा जास्त. आतली दातांची कडसुद्धा दिसत होती. बाईंनी दात काढलेच नव्हते. एखादा शब्द अर्धा बोलून झालेल्या माणसाचं तोंड असतं, तसं ते तोंड झालं होतं.

त्यांनी चित्र खिळ्यावरून उतरवलं. एबेरनं ते त्यांच्या हातातून घेऊन परत लावलं.

"गोल मोडेल," तो म्हणाला. "आणि उद्या बहीण यायची. सबंध चेहरा तुमच्याच चित्रात आहे. बाकी आम्ही सगळ्यांनी तिच्या भावाचे कानच काढलेत." मग तो जरा दबकून म्हणाला, "बाई, तुम्हाला काही होतंय का? पांढऱ्या पडलात."

बाई म्हणाल्या, काही नाही, जागरण झालंय.

लेओनोर दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं आली. लग्न झाल्यापासून ती नदीच्या वरच्या अंगाला मेंढ्यांच्या वाडीवर राहत होती. काळा झगा, डोक्याला रुमाल, हातात संत्र्यांची पिशवी. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. बोलायची, पण सपाट आवाजात, शब्दांना चढउतार नसायचा. समोरच्याच्या तोंडाकडे पाहून तिला सगळं समजे. भावाचं बोलणं तिला आठवत होतं ते असं, पाहिलेलं.

मंडळींनी तिला मिठ्या मारल्या, संत्री घेतली. मग तिला निवांत निवडता यावं म्हणून सगळे बाहेर फलाटावर गेले. तिथे पुऱ्या तळायला घेतल्या होत्या. रीतीप्रमाणे अध्यक्ष म्हणून बाई आत थांबल्या.

लेओनोर गोलात शिरली. एकेका चित्रापुढे थोडं थोडं थांबत गेली. माबेलचं पाहिलं. एबेरचं पाहिलं आणि मान हलवली. कुणाचंही चित्र पाहून झालं की ती मागे वळून बाईंकडे पाही, जणू चित्रातला माणूस कुठे बघतोय ते शोधत होती. मग बाईंच्या चित्रापाशी आली.

तिथे ती थांबली ती थांबलीच.

बाहेर कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि हशा पिकला. तेल चरचरत होतं. पश्चिमेच्या दरवाजातून उजेड आत येऊ लागला.

लेओनोर चित्राच्या ओठांकडे पाहत होती. तिचे स्वतःचे ओठ बारीक हलत होते, वाचायला शिकणाऱ्या माणसांचे अक्षरं लावताना हलतात तसे. मध्येच तिनं भुवया आवळल्या. मग मान हलवली, समजलं म्हणून.

बाईंना वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. शब्द जिभेवर आले होते. त्या पुढे झाल्या आणि तिला आपलं तोंड दिसेल अशा, चित्राच्या शेजारी उभ्या राहिल्या.

लेओनोर म्हणाली, "हेच हवंय मला." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या दिवशी काय झालं, ते मला कुणी नीट सांगितलं नाही. गावातले सगळे माझ्याशी बोलताना तोंड फिरवतात."

बाईंनी तोंड फिरवलं नाही. "एकाएकी झालं," त्या म्हणाल्या. "त्यांना काही कळलंसुद्धा नाही. आम्हालाही नाही कळलं. काही बोलले नाहीत, काही मागितलं नाही. डॉक्टरही तेच म्हणाले."

लेओनोरनं त्यांच्या ओठांवरचं सगळं वाचलं. मग तिनं नजर बाजूला, कागदाकडे नेली. तिथेही तेवढाच वेळ थांबली. मग पुन्हा बाईंकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ऐकणाऱ्याला पडतो तसा साधा पेच होता.

तिनं मधली खुर्ची ओढून घेतली आणि दोन्ही तोंडं एकदम दिसतील अशी लावून ती बसली.

"परत सांगा, बाई," ती म्हणाली. "जरा सावकाश. तुमचं आणि त्याचं जुळत नाहीये."

बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात लेओनोरची नजर हलली. तिनं कागदाकडे तळहात उभा धरला, मध्ये बोलणाऱ्या घरच्या माणसाला आपण धरतो तसा, की थांब, आधी बाईंचं होऊ दे.