दाट दूध हलकं कसं?

चंद्रावरच्या शीतपूर वस्तीत दोनच घरी बुटक्या गायी होत्या. एक चारुताच्या आईकडे, दुसरी शेजारच्या दमयंतीकाकूंकडे. काकूंच्या दुधावर बोटभर साय धरायची. त्यांची मुलगी मृण्मयी ती साय साखर घालून सगळ्यांसमोर खायची. चारुता लांबून बघायची. मत्सराचा हिशेब चोख असतो. दुसऱ्याच्या वाटीत किती आहे ते त्याला अचूक कळतं.

दुधात पाणी घालणाऱ्यांसाठी वस्तीत नुकताच कायदा झाला होता. पाणी रेशनवर फुकट मिळायचं आणि दूध विकत, त्यामुळे कायदा लागणारच होता. जो पकडला जाईल त्याचा परवाना महिनाभर बंद. तपासायला सरकारने ‘तपासे’ नावाचा यंत्रमानव पाठवला.

तपासेने दुग्धमापी (दुधात तरंगणारी, आकडे कोरलेली काचेची नळी) आधी चारुताच्या आईच्या दुधात सोडला. आकडा आला तीस. मग काकूंच्या दुधात सोडला, तर नळी जास्त बुडाली. सत्तावीस.

“पाणी हलकं, दूध जड,” तपासे म्हणाला. “पाणी घातलं की दूध हलकं होतं आणि नळी बुडते. अठ्ठावीसच्या खाली संशय.”

“मला ठाऊकच होतं,” चारुता म्हणाली. “एवढी साय उगीच येते होय?”

काकूंचा चेहरा उतरला. “गाय माझी, हात माझे. पाण्याचा थेंब घातला असेल तर परवाना आत्ता घ्या.”

“चंद्रावर ओढ कमी,” मृण्मयी म्हणाली. “त्यानेच आकडा चुकला असेल.”

“नाही. ओढ कमी झाली की नळी हलकी होते, तसं दूधही हलकं होतं. दोघांचं प्रमाण तेच राहतं,” तपासे म्हणाला. “पण साय पाण्याहूनही हलकी असते. जास्त साय असली तरी आकडा उतरतो. आता शीतमापी (द्रव किती थंड झाल्यावर गोठतो ते सांगणारं यंत्र) लावू. पाणी शून्य अंशाला गोठतं. दुधात साखर आणि क्षार विरघळलेले असतात, म्हणून ते शून्याखाली, उणे ०.५४ च्या आसपास गोठतं. पाणी घातलं की आकडा शून्याकडे सरकतो. साय विरघळत नाही, म्हणून तिचा इथे काही संबंध नाही.”

काकूंचं दूध उणे ०.५४ ला गोठलं. चोख.

चारुताला ते सोसेना. “मग आमचंही लाव. आमचं याहून सरस निघेल.”

“राहू दे गं,” आई घाईने म्हणाली. “तीस आलंय ना?”

“लाव, तपासे,” चारुता म्हणाली.

उणे ०.४७.

मग आई पदराशी चाळा करत म्हणाली, “तुपासाठी साय काढते. कॅन उणा दिसायला लागला, तेवढाच पाण्याने भरला. काढलं तिथे भरलं, त्यात फसवणूक कसली?”

“साय काढली की दूध जड होतं, आकडा चढतो,” तपासे म्हणाला. “पाण्याने तो पुन्हा उतरून तीसवर आला. नळी फसली, कारण दोन चुका एकमेकींना झाकत होत्या.”

“तूप कुणासाठी करते, विचारा हिला,” आई म्हणाली. “मृण्मयी साय खाते, मग मला निदान तूप तरी हवं म्हणून रडायची.”

चारुताचे कान तापले. आईचा परवाना महिनाभर बंद झाला. वस्ती काकूंच्या दारी रांगेत उभी राहिली, आणि कायद्यात नवी ओळ आली: यापुढे दोन्ही चाचण्या.

तिसऱ्या दिवशी चारुताने तपासेला गाठलं.

“शीतमापी चालवायला मला शिकवशील?”

“शिकवीन. आधी घरचं दूध तपासायचं.”

“रोज तपासीन.” ती थोडं थांबली. “फक्त मृण्मयीला माझ्या आधी शिकवू नकोस.”

“ती काल आली होती,” तपासे म्हणाला. “तिने तुझंच नाव घेऊन हेच सांगितलं. उद्या सकाळी दोघी एकदमच या.”