चित्र धरून ठेवणारी

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी दोडक्याची भाजी केली होती आणि ती जरा खारट झाली होती. त्या दिवसात लक्षात ठेवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मी वाशीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. शनिवारी अर्धा दिवस असतो, त्यामुळे दीडपर्यंत खारघरला घरी पोचले. मोनाली आईची नखं कापत होती. ही मुलगी सकाळी आठ ते संध्याकाळी सात आईपाशी असायची.

दोघी टीव्हीसमोर बसल्या होत्या. हा टीव्ही म्हणजे सरकत्या दारांचं, चार पायांवर उभं असलेलं लाकडी खोकं. दोन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिनं एक पत्र्याची ट्रंक आणि हा टीव्ही एवढंच आणलं होतं. तो बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती. कुणी चुकून प्लग लावू नये म्हणून माझ्या धाकट्या भावानं, रणजीतनं, त्याची वायर मुळाशी कापून टाकली होती. आई मात्र रोज सकाळी त्याची दारं सरकवायची आणि करड्या काचेकडे बघत बसायची. मोनाली म्हणायची, "ताई, आजींचं चॅनल लागलं."

वर्षभर आई मला ओळखत नव्हती. ती मला बाई म्हणायची. बहुधा शाळेतली कुणी बाई वाटत असेन. घरी आले की म्हणायची, "बाई, तुमी उभ्या का? बसा की." आपल्याच आईनं 'तुमी' म्हटलेलं ऐकायची सवय होते असं मला एका डॉक्टरनं सांगितलं होतं. मला झाली नाही.

त्या शनिवारी ती मोनालीला गोष्ट सांगत होती. हरवलेला उंट शोधत वाळवंटात निघालेल्या मुलीची. मी दाराशी थांबले.

"मग ती पोरगी हिरीत वाकली. तर पान्यात उंट. वर बघती, तर कुटं काय न्हाई."

ही गोष्ट मला पाठ होती. पण विहिरीचा हा भाग आईनं मला कधीच सांगितला नव्हता. एका नखं कापणाऱ्या मुलीचा मला इतका राग आला की मी तिला म्हटलं, झालं असेल तर भांडी बघ. मोनाली नेलकटर बाजूला ठेवून उठली. तिच्या जागी मी बसले आणि आईला विचारलं, पुढे काय झालं?

आईनं परक्या माणसाकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

"हळू बोला बाई. राजू वर उभी हाय. तिला हाक ऐकू गेली पायजे."

राजू म्हणजे मी. राजेश्वरी.

*

अठ्ठ्याऐंशी साली आम्ही शिरवण्यात राहायचो. गोजराआजी नावाच्या आगरी बाईंच्या घराच्या पहिल्या मजल्यावर आमची एक खोली होती. बाबा, कोंडिबा, वाशीच्या मार्केटला माथाडी होते. साताऱ्याकडच्या गावाहून आलेल्या आम्हा चौघांच्या घरात हा टीव्ही आला तेव्हा मी दहा वर्षांची होते, रणजीत सहाचा. रविवारी सकाळी दहाला ती उंटाची मालिका लागायची. मुलांसाठी होती, पण अख्खं गाव बघायचं.

आमच्या टीव्हीवर मुंग्याच दिसायच्या. बाबांनी गच्चीवर पाइप रोवून त्यावर माशाच्या काट्यासारखी अँटेना बसवली होती. ती फिरवावी लागे. एकानं वर जाऊन फिरवायची, दुसऱ्यानं खिडकीतून सांगायचं. पहिल्या रविवारी मी वर गेले. पाइप धरला आणि खालून आईचा आवाज आला, "आलं! राजू, आलं! तशीच थांब!"

मी हात सोडला की चित्र जायचं. पुन्हा धरला की यायचं. रणजीतला वर पाठवून बघितलं, मुंग्या. गोजराआजींनी धरून बघितलं, मुंग्या. त्या खाली येऊन आईला म्हणाल्या, "रंगू, तुज्या पोरीच्या हातान काय तरी हाय." आईनं ते मनावर घेतलं. ती सगळ्या वस्तीत सांगत सुटली की आमच्या राजूच्या हाताला गुण आहे, तिनं धरलं की चित्र आरशासारखं. माझं कौतुक असं ती एवढंच करायची, आणि मला ते पुरत होतं.

म्हणून ती मालिका मी बघितलेली नाही. एकही भाग नाही. मला आठवतो तो गार पाइप, नंतर तापलेला पाइप, रिकामा रस्ता, लांब कारखान्यांची धुराडी, खाडीकडून येणारा वास आणि प्रत्येक खिडकीतून एकाच वेळी ऐकू येणारं तेच शीर्षकगीत. मध्येच वस्ती एकदम हसायची. मी कशाला हसायचं ते कळत नसूनही हसायचे.

साडेदहाला खाली आले की आई भाकऱ्या थापता थापता मला तो भाग सांगायची. तिला हिंदी फारसं कळायचं नाही, त्यामुळे मुलगी साताऱ्याकडचं बोलायची आणि उंटाला बैलासारखं हाकारायची. रणजीतनं चित्र बघितलं होतं, पण आईनं सांगितलेली गोष्ट फक्त माझी होती. मी स्वतःची अशी समजूत घालत असे.

*

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मोनालीला सुट्टी होती. आतून आईचा आवाज आला, स्वच्छ, तरुण बाईचा असावा तसा.

"आलं."

मी कप घेऊन आत गेले तोवर ती गेलेली होती. खुर्चीत ताठ बसलेली, डोळे काचेवर, चेहऱ्यावर काहीतरी मजेशीर बघितल्यासारखा भाव. दहाला पाच मिनिटं होती. मी तिचे डोळे मिटले. नंतर टीव्हीची दारं सरकवायला गेले तेव्हा माझ्या मनगटावरचे केस उभे राहून काचेकडे ओढले गेले. हवा कोरडी असली की असं होतं. त्या दिवशी हवा कोरडी नव्हती.

रणजीत पुण्याहून आला, दिवसकार्य होईपर्यंत राहिला. दहाव्यानंतर एका दुपारी तो आईच्या खोलीत जमिनीवर आडवा पडून त्या टीव्हीकडे बघत होता. म्हणाला, आपण लहानपणी बघायचो ती उंटाची मालिका आठवते? मी विचारलं, ती मुलगी दिसायला कशी होती? त्याला सांगता येईना. विहिरीचा भागही त्याला आठवत नव्हता. त्याला आठवत होती आईची मांडी, आणि केसांतून फिरणारा तिचा हात. हाताला पिठाचा वास असायचा म्हणाला.

मग त्यानं मान वळवली.

"तू कुठं असायचीस गं तेव्हा?"

"वर."

"गोजराआजीकडं?" तो हसला. "तुला आधीपासूनच टीव्हीचं वेड नव्हतं. पुस्तकातला किडा."

गोजराआजी तळमजल्यावर राहायच्या. मी त्याला ते सांगितलं नाही.

*

त्याच्या पुढच्या रविवारी इंटरकॉम वाजला. आमच्या सोसायटीचा वॉचमन सयाजी बोलत होता. "मॅडम, तुमच्याकडं पाहुणे आलेत का? टेरेसवर एक मुलगी उभीय."

आमची इमारत सात मजल्यांची आहे आणि मी सातव्यावर राहते. माझ्यावर फक्त गच्ची. मी म्हटलं, माझ्याकडे कुणी नाही, आणि गच्चीला कुलूप असतं ना.

"तेच तर. चावी माझ्या खिशात आहे. मी वर जाऊन आलो, कुणी नाही. खाली येऊन बघतो तर परत उभी. तो जुना पाइप आहे ना कोपऱ्यात, तो धरून. पायात चप्पल नाही हो. स्लॅब किती तापलाय. दोन वेण्या आहेत, वर बांधलेल्या. कुणाची असेल, टेन्शन आलं म्हणून फोन केला."

मी घड्याळ बघितलं. सव्वादहा.

साडेदहाला मी त्याच्याकडून चावी घेऊन वर गेले. गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि कुणीतरी टाकून दिलेली कुंडी होती. कोपऱ्यात पाइप होता. कशासाठी होता ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यावर अँटेना नव्हती. मी हात लावला आणि पटकन काढून घेतला, इतका तो तापला होता. मग वरपासून खालपर्यंत बोटं टेकवत गेले. माझ्या छातीच्या जरा खाली, दोन मुठी मावतील एवढ्या जागेत, लोखंड गार होतं. माठाला हात लावावा तसं.

मला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही. मला एवढंच वाटलं की आई माझ्याकडे दोन वर्षं राहिली, मी तिला भरवलं, आंघोळ घातली, तिचे कपडे बदलले, आणि तिनं शेवटपर्यंत नाव घेतलं ते या मुलीचं. हिनं काय केलं होतं? एक पाइप धरला होता. तेवढ्यावर हिला राजू म्हणायचं आणि मला बाई.

चावी परत देताना सयाजीनं विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, कुणी नाही. मग का कोण जाणे, पुढे म्हटलं, पुन्हा दिसली तर हाकलू नका.

*

आज रविवार आहे. मी मोबाईल बंद करून पावणेदहाला आईच्या खुर्चीत बसले. टीव्हीची दारं सरकवली. कापलेल्या वायरचं टोक माझ्या पायाशी धुळीत पडलं होतं. मी ते उचलून बघितलं, तांब्याच्या दोन तारा बाहेर आलेल्या होत्या, एवढंच. परत ठेवलं.

दहाला काच उजळली.

आधी मुंग्या आल्या. मग त्या एका बाजूला सरकू लागल्या, जशा वाऱ्यानं अक्षता सरकतात. वर गच्चीवर काहीतरी किंचित फिरवल्याचा, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला.

चित्र आलं.

त्यात वाळवंट नव्हतं. शिरवण्याची खोली होती. टीव्ही जिथं होता तिथून दिसेल तशी, भिंतीवरचं कॅलेंडर, मांडणी, उघडी खिडकी. चटईवर आई बसली होती, तीस-बत्तीस वर्षांची. रणजीतचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिचा हात त्याच्या केसांत होता. तिच्या चेहऱ्यावर उजेड नाचत होता आणि ती सरळ समोर, माझ्याकडे बघत होती.

असं तिनं माझ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही. इतकं खूश होऊन, तोंड अर्धवट उघडं ठेवून.

मी खुर्चीतून उतरून जमिनीवर बसले. काचेला नाक लागेल इतकी जवळ.

ती हसली. आवाज नव्हता. मीही हसले.

मग तिनं मान खिडकीकडे वळवली आणि वर बघून काहीतरी म्हणाली. ओठ आधी उघडले, मग गोल झाले. मला ते नाव वाचता आलं. ते माझ्याकडे बघून नव्हतं.

मी म्हटलं, आई, इकडे.

चित्र हललं. आईचा चेहरा मधोमध चिरला, अर्धा वर गेला, अर्धा खाली. पुन्हा जुळला. पुन्हा सरकायला लागला.

वरून, माझ्या खिडकीच्या अगदी वरून, एका लहान मुलीचा आवाज आला. दमलेला, पण तक्रार न करणारा.

"हात भरून आले. मी खाली येऊ?"

मी उठून खिडकीशी गेले. ऊन रखरखीत होतं. खाली सयाजी डोळ्यांवर हात धरून वर बघत उभा होता.

मी वर बघितलं नाही. मागे वळून काचेकडे बघितलं. आईचा चेहरा मुंग्यांत बुडत चालला होता.

इतक्या वर्षांत कुणालाच न म्हटलेलं मी मोठ्यानं म्हटलं.

"नको येऊस. मला बघायचंय."