तेल भरपूर होतं

सिग्नल सुटला आणि बाबांची गाडी सुटलीच नाही. इंजिन गुरगुरत होतं, बाबा अ‍ॅक्सिलरेटर दाबत होते, पण चाकं जागची हलेनात. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

मागच्या टेम्पोतून एक तरुण उतरला, खिडकीशी वाकला. "काका, न्यूट्रलला टाका, मी ढकलतो. ताई, तुम्ही—" माझ्याकडे बघून तो अडखळला. "म्हणजे... तुम्ही पण उतराल का?"

तो गिअरबॉक्सचाच मिस्त्री निघाला.

बाबांचा डावा पाय अर्धांगाने गेलेला. या ऑटोमॅटिक गाडीला क्लच नाही, म्हणून तेवढी ते चालवू शकत. आई गेल्यापासून रोज दुपारी एकटेच लांबवर फिरून येत. दुसरी गाडी आमच्या आवाक्यात नव्हती.

त्याच्या गॅरेजमध्ये त्याने गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. "भरपूर आहे."

"मग चांगलंच ना?"

"वाईट. कमी असतं, तर भरून लगेच निघाला असतात."

गिअरची केबल जागेवर होती. चाकांना फिरवणारे दांडेही शाबूत. "उद्या तेलाचं प्रेशर बघतो," तो म्हणाला.

मग शाळेत शिकवून निघाले की माझी पावलं तिकडेच वळू लागली. तो गाडीखालून बाहेर सरके, हात पुसत हसे...

"तुमच्याकडे चांगली बातमी नसतेच का हो?"

"असते. पण ती रोज तुम्हीच घेऊन येता."

मी लाजून दुसरीकडे बघे. "आज काय?"

"अजून बघतोय. उद्या या."

घरी येऊन मी सांगे, "बाबा, बघतोय तो." बाबा मान हलवत. किल्ली हातात घेऊन ते खिडकीत बसलेले असत.

एका संध्याकाळी तो हसला नाही.

"पंप फुटलाय. तेल दाबाने पुढे जातच नाही, म्हणून गिअर धरत नाही. आत सगळा लोखंडाचा चुरा. असा गिअरबॉक्स आता कुठेच मिळत नाही."

"आज कळलं?"

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "दुसऱ्याच दिवशी. सांगितलं असतं, तर तुम्ही परत आला नसता... मला तुम्ही आवडता."

हेच शब्द ऐकायला मी रोज आले होते. आणि आता ते ऐकवत नव्हते.

"बाबा रोज किल्ली घेऊन बसतात," एवढंच बोलून मी निघाले.

तो मागोमाग घरी आला. बाबांपुढे उभं राहून त्याने सगळं सांगितलं, माझ्याबद्दलचंही. बाबा हातातली किल्ली फिरवत राहिले.

"भंगारवाला येईल तेव्हा मला तिथे ने," शेवटी ते त्याला म्हणाले. "एकट्याला नाही बघवणार मला."

क्रेनने गाडी उचलली, तेव्हा बाबांचा तोल गेला. डाव्या बाजूला तो होता, त्याने सावरलं. बाबांनी त्याचा दंड सोडला नाही. गाडी वळणाआड गेली, तरी ते तिकडेच बघत राहिले.

"उद्या... काकांना फिरवायला येऊ?" त्याने मला विचारलं. "माझ्या टेम्पोतून. चालवता नाही येणार त्यांना, पण..."

माझा राग गेला नव्हता. बाबांची दुपार कशानेच परत येणार नव्हती. मी डोळे पुसले.

"ये," मी म्हटलं. 'या' म्हणायचं राहूनच गेलं.