पेराएवढी डोकी

जबडा तारांनी बांधलेला असला की माणसाला दोनच कामं उरतात, नळीनं पातळ ओढणं आणि दुसऱ्यांचं ऐकणं. ठकी माहेरी येऊन तीन आठवडे झाले होते आणि तिला या दोन्ही कामांचा वीट आला होता. म्हणून एका सकाळी तिनं बापाच्या टेबलाचा एक कोपरा पुसून घेतला आणि डोकी घडवायला बसली.

बाप कवळ्या बनवायचा. चाळीस वर्षं लोकांचे दात घडवले, त्यामुळे टेबलावर कोरण्या, सुया, पकडी, भिंग, मानेत वाकणारा दिवा, सगळं हाताशी होतं. आणि डोकी म्हणजे खेळण्यांची. खालच्या मजल्यावर एका ताईंचं दुकान होतं. तिथे वीतभर उंचीचे शूरवीर मिळायचे, कोपरात वाकणारे, कमरेत वळणारे. हौशी माणसं यायची नि म्हणायची, अंग या वीराचं राहू द्या, डोकं माझं बसवा. फोटो देऊन जायची. डोकं केवढं, तर अंगठ्याच्या पेराएवढं. ताईंचा जुना कारागीर निघून गेला होता, तेव्हा त्यांनी ठकीला बसवलं.

"पिवळी पुट्टी आणि निळी पुट्टी सारखी घ्यायची," ताईंनी दाखवलं. "हिरवी होईपर्यंत मळायची. पुढे तासभर ती तुझी. नंतर दगड."

"आणि चेहरा?" ठकी दातांतूनच बोलायची. ओठ हलायचे, जबडा नाही.

"चेहऱ्याचं एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. नवशिक्याची पहिली वीसेक डोकी स्वतःसारखीच होतात. फोटो समोर कुणाचाही ठेव. जन्मभर आरशात पाहिलेला चेहरा बोटांत मुरलेला असतो. म्हणून फोटो आणि डोकं दोन्ही उलटं धरून बघायचं, मान वर, कपाळ खाली. मग चोरी पकडली जाते."

"म्हणजे सगळे वीर तोंड बांधलेले निघणार."

"तेवढ्यावर सुटलीस तरी नशीब," ताई म्हणाल्या आणि दोघी हसल्या. ठकीचं हसणं नाकातून.

पहिलं डोकं झालं. फोटो एका मिशीवाल्या शिक्षकाचा होता, आणि हिरव्या गोळ्यावर ठकीचंच आखूड नाक, ठकीचीच रुंद हनुवटी. चिडून तिनं ते तळहातांत धरून चेचलं. पाच मिनिटांत तिच्या नाकातून रक्त आलं. दुसरं डोकं चेचलं, पुन्हा रक्त. तिसऱ्याला तर डोळ्यांपुढे काळं झालं आणि ती टेबलावरच कलंडली.

"तारांचा ताण येत असेल," बाप म्हणाला. कापूस लावून दिला. त्यानं चेचलेले गोळे मात्र फेकले नाहीत. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सातव्या डोक्याला ठकीला ताईंचं बोलणं आठवलं. फोटो व्यायामशाळेच्या मालकाचा होता, रेड्यासारखी मान, चपटे कान. तिनं फोटो उलटा टांगला, डोकं उलटं धरलं आणि ओठ, नाक, भुवई, एकेक मापून बसवलं. पहिल्यांदाच समोर दुसरं माणूस उभं राहिलं. आनंदात हात सैल झाला आणि सुई सटकली. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत फाटला. तोवर पुट्टी आवळली होती. तिनं फट कशीबशी बुजवली.

दुसऱ्या दिवशी मालक डोकं न्यायला आला, तर तोंडाला पट्टी. ताईंनी विचारलं, कुठे आपटलात?

"कुठेच नाही हो," तो बोबडा बोलत होता. "खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. ओठ आपोआप फाटला. सात टाके पडले." मग हातातल्या डोक्याकडे बघून म्हणाला, "पण हुबेहूब जमलंय."

ठकी दुकानातच उभी होती, ती तडक जिना चढून वर आली. बापाला सांगितलं. बाप उठला. त्यानं चेचलेले गोळे दिव्याखाली ओळीनं मांडले. "हे प्रत्येक चेचल्यावर तुला काही झालं होतं?" त्यानं विचारलं.

ठकीनं होकाराची मान हलवली.

"म्हणजे डोकं ज्याच्यासारखं उतरतं, त्यालाच ते भोगावं लागतं," बाप हळू आवाजात म्हणाला. त्यापुढे दोघं त्यावर बोलली नाहीत. बोलली, ती त्या फोननंतर.

फोन ठकीच्या नवऱ्याचा होता. तो कधी आवाज चढवायचा नाही, तेच त्याचं भय होतं. सहा वर्षांत त्यानं तिची दोन बोटं दारात चिरडली होती, पाठीवर इस्त्री टेकवली होती, आणि शेवटी जेवण गार वाढलं म्हणून पाट्यावरचा दगडी वरवंटा उचलून तिच्या जबड्यावर हाणला होता. प्रत्येक वेळी आधी घड्याळ काढून ठेवायचा. चौकीत तक्रार दिली, तर घरातलं घरात मिटवा म्हणाले.

"सासरेबुवा, उद्या रविवारी दुपारी येतो," तो फोनवर म्हणाला. "तिला तयार ठेवा. नाही आली तर जाताना तुम्हा दोघांची तोंडं सारखी करून जातो."

फोन ठेवल्यावर ठकी म्हणाली, "मी जाणार नाही, बाबा. मेले तर इथे मरेन."

"कुणी मरायचं नाही. त्याचा फोटो आण."

"मी करते. मला उलटं धरून करता येतं आता."

"नाही." बापानं पुट्टीचे डबे स्वतःकडे ओढले. "तुला अजून आयुष्य काढायचंय. हे तुझ्या हातून व्हायला नको. माझे हात म्हातारे, त्यांना चालेल."

"तुम्ही दात करता, चेहरे कधी केलेत?"

"चाळीस वर्षं तोंडातच काढली आहेत पोरी. मला शिकवू नकोस."

रविवारी दुपारी ऊन पडद्यातून झिरपत खोलीत येत होतं. खालचं दुकान बंद. इमारतीत सगळीकडे झोपेची शांतता, कुठेतरी नळ ठिबकत होता. लग्नातला फोटो शोधण्यातच सकाळ गेली होती; तो दिव्याला टेकवून बाप पाऊण तास राबला. नवऱ्याचं कपाळ, नवऱ्याचे केस, ओठाखालचा तीळसुद्धा. हनुवटीशी आल्यावर तर त्याचा हात असा चालू लागला, जणू फोटोची गरजच उरली नाही. घामाचा नि पुट्टीचा आंबूस वास खोलीत भरला होता.

"उलटं धरून बघा ना," ठकी म्हणाली.

"वेळ नाही..."

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश. मग दारावर टकटक.

"उघडा, सासरेबुवा."

बापानं डोकं डाव्या हातात धरलं, उजव्या हातात पक्कड घेतली आणि तिचे दात त्या हिरव्या जबड्यावर बसवले. त्याच क्षणी ठकी समोरून वाकून बघत होती. तिच्या बाजूनं ते डोकं उलटं दिसत होतं. तो चेहरा नवऱ्याचा नव्हता. नाकाचा तो मोडका कणा, डोळ्यांखालच्या त्या पिशव्या, तिनं लहानपणापासून पाहिल्या होत्या.

"बाबा, नको... ते तुम्ही आहात..."

पक्कड आवळली गेली होती.

लाकडाची फळी मोडावी तसा आवाज झाला. बापाचा जबडा एका बाजूला सरकला, कातड्यासकट, आणि तोंडातून रक्ताबरोबर दात टेबलावर सांडले. त्याचे स्वतःचे. तो खुर्चीतून खाली आला. ओरडायलाही त्याच्याकडे तोंड उरलं नव्हतं. घशातून नुसता घर्रघर्र आवाज, आणि डोळे ठकीवर.

मग दाराला पहिली लाथ बसली. कडी हलली.

ठकी बापापाशी बसली नाही. ते तिला नंतर फार लागलं, पण त्या वेळी ती टेबलाकडे वळली. मळून ठेवलेली अर्धी पुट्टी शिल्लक होती, अजून ओली. तिनं ती उचलली. फोटोकडे पाहिलं नाही, उलटं सुलटं काही केलं नाही. डोळे मिटले. सहा वर्षं तो चेहरा तिच्यावर ओणवा होता, इतक्या जवळ की त्याचा श्वास तिच्या पापण्यांना लागायचा. आरसा तिनं तितका कधी पाहिला नव्हता. बोटं आपली आपण चालली. हाणायच्या आधी कपाळावर उभी राहणारी शीर. बारीक होणारा डावा डोळा. आत ओढलेला खालचा ओठ. नखानं, नुसत्या नखानं.

दुसरी लाथ. तिसरी. कडीचा एक खिळा उडून तिच्या पायाशी पडला.

"ठके," दाराच्या फटीतून तो म्हणाला, "घड्याळ काढून ठेवलंय मी."

तिनं डोळे उघडले. हातात तो होता. तिनं अंगठा त्याच्या तोंडावर ठेवला आणि सगळं अंग त्या अंगठ्यावर घातलं.

दाराबाहेर ओरडणं झालंच नाही. ओल्या कापडाचा बोळा जमिनीवर आपटावा, एवढाच आवाज. मग काहीतरी जड पायऱ्यांवरून घरंगळत गेलं, एकेक पायरी मोजत.

पोलीस आले, बापाला दवाखान्यात हलवलं. त्यांनी लिहून घेतलं की जावयानं सासऱ्याला मारलं आणि पळताना पाय घसरून जिन्यावरून पडून मेला. मात्र पंचनामा करणारा हवालदार खालच्या दुकानाच्या पायरीवर बसून ताईंना म्हणाला, "पडलेला माणूस मी पुष्कळ बघितलाय. याचा चेहरा आत गेला होता. मधोमध खळगा, नि खळग्यात रेषा. बोटाच्या ठशाच्या असतात तशा." ताईंनी त्याला पाणी दिलं. पुढच्या महिन्यात त्यांनी दुकान दुसरीकडे हलवलं.

बाप वाचला. आता त्याला खालचा जबडा नाही. तो पाटीवर लिहून बोलतो. ठकीच्या तारा निघाल्या, तीच त्याला नळीनं पातळ भरवते. कोणी तिला न्यायला येत नाही. रात्री दोघं गाढ झोपतात. असं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

एकच गोष्ट तिनं बापाला सांगितलेली नाही.

त्या रविवारी टेबल पुसताना फडक्याखाली पुट्टीचा एक गोळा निघाला. तिनं तो केला नव्हता, बापानंही नाही. तो वाळला नाही. तासात नाही, आठवड्यात नाही. हाताला कोमट लागतो, आणि रोज सकाळी त्यावर थोडं नाक वर आलेलं असतं. कुणाचं, ते कळेल इतकं ती येऊ देत नाही. अंगठ्यानं दाबून सपाट करते आणि कामाला लागते. दाबताना खालच्या गल्लीत कुणी कण्हलं, तरी खिडकीशी जात नाही. पहिले काही दिवस ती डोळे मिटून दाबायची. आता उघडे ठेवते.

परवा मात्र दाबून झाल्यावर तिनं हात धुतले, तर अंगठा चुरचुरला. तिनं दिव्याखाली धरून पाहिला. पेरावर बारीक दातांच्या दोन ओळी उमटल्या होत्या, खोल, रक्त आलेल्या. तिनं गोळा भिंगाखाली फिरवून फिरवून बघितला. त्याला तोंड अजून फुटलेलंच नव्हतं.